गुग्गुळ ते इसबगोल : कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या वनौषधींची तुलना

रक्ततपासणीच्या अहवालात कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक अक्षरांत छापून आला की घरात दोन प्रकारचे सल्ले सुरू होतात. डॉक्टर स्टॅटिन वर्गातील गोळी लिहून देतात. शेजारीपाजारी आणि आप्तेष्ट मात्र लसूण, मेथी, अर्जुनसाल, गुग्गुळ अशी नावे पुढे करतात. गोळी एकदा सुरू झाली की आयुष्यभर घ्यावी लागेल, ही धास्ती असतेच. त्याच वेळी फार्मसीच्या काउंटरवर ‘हृदयाच्या आरोग्यासाठी’ म्हणून मांडलेल्या वनस्पतिजन्य कॅप्सूलांच्या बाटल्या खुणावत असतात. त्यांपैकी कोणत्या वनस्पतीने आकडा खरोखर खाली येतो, किती येतो आणि कोणत्या पूरकापासून अपाय संभवतो, याचा हा आढावा.

गोव्यात हा विषय अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. मधुमेह आणि वाढलेले कोलेस्टेरॉल एकत्र आले की हृदयविकाराचा धोका कितीतरी वाढतो. अशा रुग्णाने कुचकामी उपायात दोन-चार वर्षे घालवली, तर तेवढा काळ त्याच्या रक्तवाहिन्यांतील थर वाढतच राहतो आणि बाहेरून काही जाणवतही नाही.

अहवालातील आकडा कसा वाचावा

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके, ‘ड’ जीवनसत्त्व आणि पित्तरस यांच्या निर्मितीसाठी शरीराला त्याची गरज असते. त्याचा मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा महत्त्वाचा असतो. त्यामुळे मांस-अंडी वर्ज्य असलेल्या घरातही कोलेस्टेरॉल वाढलेले आढळते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचणारा प्रकार म्हणजे एलडीएल. अहवालात एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स हे आकडेही असतात. परंतु उपचाराचा निर्णय प्रामुख्याने एलडीएलवर ठरतो.

भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असावे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या अधिक जोखमीच्या रुग्णांसाठी ही मर्यादा ७० आहे. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्यांसाठी ती ५५ आहे. एकाच आकड्याचा अर्थ माणसागणिक बदलतो, तो असा.

तुलनेची मोजपट्टी

कोणत्याही पूरकाची तुलना करायची तर आधी स्टॅटिन काय करते हे पाहावे लागते. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतील एक विकर स्टॅटिन रोखते. निर्मिती घटल्यावर यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते. मध्यम मात्रेच्या स्टॅटिनने एलडीएल ३० ते ५० टक्के उतरते, अधिक मात्रेने ५० टक्के किंवा त्याहून जास्त. एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे. काहींना स्नायुदुखी होते, काहींच्या यकृताच्या चाचण्यांत फरक पडतो, रक्तातील साखर किंचित वाढण्याची शक्यता असते; म्हणूनच ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असते.

एक हिशेब येथे उपयोगी पडतो. मधुमेह असलेल्या एखाद्या व्यक्तीचे एलडीएल १६० आहे आणि ते ७० च्या खाली आणायचे आहे, असे समजा. सात टक्के घट करणाऱ्या पूरकाने ते सुमारे १४९ होईल. ४० टक्के घट करणाऱ्या गोळीने ते ९६ होईल, आणि तरीही मात्रा वाढवावी लागेल. उलट, ज्याचे एलडीएल १०८ आहे आणि अन्य कोणतीही जोखीम नाही, त्याला सात टक्क्यांची घट जवळपास पुरेशी ठरते. पूरकाचे मोल रुग्णाच्या गरजेवर अवलंबून असते, हे या हिशेबातून स्पष्ट होते.

इसबगोल, ओट्स आणि वनस्पतिज स्टेरॉल

बद्धकोष्ठतेवरील घरगुती उपाय म्हणून ओळखला जाणारा इसबगोलाचा भुसा या यादीत सर्वाधिक विश्वासार्ह आहे. त्यातील विद्राव्य तंतू पाण्यात फुगून आतड्यात बुळबुळीत लगदा तयार करतात. पित्तातील आम्ले त्यात अडकून शौचावाटे बाहेर जातात. ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. दिवसाला सुमारे १० ग्रॅम भुसा नियमित घेतल्यास एलडीएल साधारण ७ टक्क्यांनी कमी होते, असे चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात आढळले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली इसबगोलाच्या उत्पादनांवर हृदयारोग्याचा दावा छापण्यास परवानगी दिली, ती अशाच पुराव्याच्या आधारे.

भुसा भरपूर पाण्यातून घ्यावा. कोरडा किंवा अपुऱ्या पाण्यातून घेतल्यास तो घशात वा अन्ननलिकेत अडकू शकतो. अन्य औषधांचे शोषणही तो कमी करतो, म्हणून औषध आणि भुसा यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवणे इष्ट.

ओट्स आणि जव यांतील बीटा-ग्लुकान हा तंतूही याच पद्धतीने काम करतो. त्यासाठी दिवसाला सुमारे ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात जावे लागते. साखर घातलेल्या पाकीटबंद ओट्समधून तंतूबरोबर नको ती साखरही जाते, हे मधुमेहींनी ध्यानात घ्यावे.

वनस्पतिज स्टेरॉल हे बियांत, सुक्यामेव्यात आणि वनस्पती तेलांत अल्प प्रमाणात असतात. त्यांची रचना कोलेस्टेरॉलसारखी असल्याने ते आतड्यातील शोषणात अडथळा आणतात. दिवसाला सुमारे २ ग्रॅम मात्रेने, जेवणाबरोबर नियमित घेतल्यास, एलडीएल ८ ते १० टक्क्यांनी घटल्याचे अनेक चाचण्यांत दिसले आहे. एवढी मात्रा नेहमीच्या आहारातून मिळत नाही. ती मुद्दाम मिसळलेल्या पदार्थांतून किंवा कॅप्सूलमधून घ्यावी लागते.

लसूण : कीर्ती मोठी, परिणाम अल्प

रोज उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या हा सल्ला कोणत्या घरात दिला गेला नसेल? त्याची कसोटी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने घेतली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मध्यम प्रमाणात एलडीएल वाढलेल्या १९२ जणांना सहा महिने, आठवड्यातून सहा दिवस, कच्चा लसूण, लसणाची दोन वेगवेगळी पूरके किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. चारही गटांतील एलडीएलमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. अन्य काही चाचण्यांत थोडीशी घट नोंदवली गेली असली, तरी ती सगळीकडे सारखी आढळत नाही. फोडणीतल्या लसणाला कोणाची हरकत नाही. मात्र रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी लसणाच्या कॅप्सूल घेऊ नयेत. रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो.

गुग्गुळ : संहितेपासून प्रयोगशाळेपर्यंत

गुग्गुळाची कथा भारतीय औषधी संशोधनातील एक महत्त्वाचे प्रकरण आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून प्रेरणा घेऊन बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६० च्या दशकात सशांवर प्रयोग केले आणि गुग्गुळाने रक्तातील कोलेस्टेरॉल घटल्याचे दाखवले. पुढे लखनऊच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने या डिंकापासून ‘गुगुलिपिड’ हे औषध विकसित केले आणि १९८० च्या दशकात ते बाजारात आले. भारतातील सुरुवातीच्या चाचण्यांचे निष्कर्ष आशादायक होते.

त्यानंतर अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १०३ जणांवर आठ आठवड्यांची चाचणी केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल ४ ते ५ टक्क्यांनी वाढलेले आढळले, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ५ टक्क्यांनी उतरले होते. काहींच्या अंगावर पुरळही उठले. आहार आणि शरीरप्रकृती यांतील भेदामुळे निष्कर्षांत तफावत आली असावी, असे काही अभ्यासक मानतात. तरीही आजच्या पुराव्यावर गुग्गुळाला कोलेस्टेरॉलचे खात्रीचे औषध म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न झाडाच्या अस्तित्वाचा आहे. कच्छ आणि राजस्थानच्या शुष्क प्रदेशात वाढणारे हे झुडूप डिंकासाठी सालीवर घातलेल्या वेड्यावाकड्या घावांनी मरते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त वर्गात केली आहे. मागणी मोठी आणि पुरवठा थोडा असला की भेसळीलाही वाव मिळतो.

अर्जुन, मेथी आणि दारुहळद

अर्जुनाची साल आयुर्वेदात हृद्य मानली जाते. जयपूर येथे हृदयरोगाच्या १०५ रुग्णांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ५०० मिलिग्रॅम सालीची पूड घेणाऱ्या गटाचे एलडीएल ३० दिवसांत सुमारे १६ टक्क्यांनी घटले. निष्कर्ष उत्साहवर्धक असला तरी त्या गटात ३५ च रुग्ण होते आणि कालावधी महिन्याचा होता. मोठ्या, दीर्घकालीन चाचणीत तो सिद्ध झाल्याखेरीज त्यावर विसंबता येणार नाही. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी अर्जुनसाल सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

मेथीच्या दाण्यांतही विद्राव्य तंतू विपुल आहेत. छोट्या चाचण्यांत कोलेस्टेरॉल काहीसे घटल्याचे दिसते, पण त्यांची गुणवत्ता असमान आहे. मेथीने रक्तातील साखरही उतरते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना मेथीची पूड मोठ्या प्रमाणात घेतल्यास साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. गरोदरपणात औषधी मात्रेत मेथी टाळावी.

दारुहळदीत बर्बेरीन हे पिवळे द्रव्य असते. २००४ साली चीनमधील एका अभ्यासात दिवसाला एक ग्रॅम बर्बेरीन घेणाऱ्यांचे एलडीएल तीन महिन्यांत सुमारे २५ टक्के घटले. एवढा मोठा परिणाम नंतरच्या अनेक चाचण्यांत आढळला नाही. घट झाली, पण बेताची. बर्बेरीन यकृतातील औषधे पचवणाऱ्या विकरांवर परिणाम करते, त्यामुळे अन्य औषधांची रक्तातील पातळी बदलू शकते. गरोदर आणि स्तनदा मातांनी ते मुळीच घेऊ नये. नवजात बाळाच्या रक्तातील बिलिरुबिन वाढून मेंदूला इजा होण्याचा धोका असतो.

हळद आणि भिरंड

स्वयंपाकातील चिमूटभर हळद आणि कॅप्सूलमधील कर्क्युमिनचा दाट अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोलेस्टेरॉलवर कर्क्युमिनचा परिणाम अनिश्चित आहे. शोषण वाढावे म्हणून त्यात मिरीतील पायपरीन मिसळले जाते आणि अशा अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिका व इटलीत झाल्या आहेत.

गोमंतकीयांच्या जिव्हाळ्याचे भिरंड, अर्थात कोकम, त्याच्या सालीतील हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लामुळे ‘चरबी जाळणारे’ म्हणून विकले जाते. माणसांचे एलडीएल त्याने उतरते, असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. त्याच कुळातील गार्सिनिया कंबोजियाच्या, म्हणजे मलबारी चिंचेच्या, वजन घटवणाऱ्या पूरकांचा यकृताच्या विकारांशी संबंध आढळला आहे. आमसुलाचे सार किंवा भिरंडाचे सरबत बिनधास्त प्यावे. साखर तेवढी बेताची असावी. सोलकढी मात्र कोलेस्टेरॉलवरचा उपाय म्हणून पेल्यामागून पेले पिण्यात अर्थ नाही, कारण तिच्यातील नारळाच्या रसात संपृक्त मेद भरपूर असतो. भिरंडाच्या बियांपासून काढलेले भिरंडेलही संपृक्त मेदच आहे. भेगाळलेल्या टाचांसाठी ते उत्तम.

लाल यीस्टचा तांदूळ : पूरकाच्या वेशातील औषध

‘नैसर्गिक स्टॅटिन’ म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या लाल यीस्टच्या तांदळाचा परिणाम खरा आहे आणि त्याचे कारणही ज्ञात आहे. तांदळावर मोनॅस्कस ही बुरशी वाढवली की त्यात मोनॅकोलिन-के तयार होते. स्टॅटिनचे जनक जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७९ साली ते वेगळे केले. पुढे १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले लोव्हास्टॅटिन हे औषध रासायनिकदृष्ट्या तेच द्रव्य आहे.

म्हणजे हे पूरक घेणारा माणूस नकळत स्टॅटिनच घेत असतो. फक्त त्याची मात्रा त्याला ठाऊक नसते. बाटलीगणिक मोनॅकोलिनचे प्रमाण बदलते, आणि किण्वन नीट न झाल्यास मूत्रपिंडाला घातक असे सिट्रिनिन हे विष त्यात उतरू शकते. युरोपीय संघाने २०२२ साली मोनॅकोलिनची दैनिक मात्रा ३ मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्याचे बंधन घातले. जपानमध्ये २०२४ साली अशा एका पूरकामुळे अनेकांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे उघड होऊन ते बाजारातून मागे घ्यावे लागले. डॉक्टरांनी दिलेले स्टॅटिन चालू असताना हे पूरक घेणे म्हणजे तेच औषध दोनदा घेणे होय. त्यातून स्नायूंची गंभीर झीज होऊ शकते.

समोरासमोर झालेली परीक्षा

पूरके आणि स्टॅटिन यांची थेट तुलना अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने केली. तिचे निष्कर्ष २०२२ च्या अखेरीस जाहीर झाले. सुमारे दोनशे जणांना २८ दिवस रोसुव्हास्टॅटिनची ५ मिलिग्रॅमची छोटी मात्रा, निष्क्रिय गोळी, किंवा माशांचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिज स्टेरॉल आणि लाल यीस्टचा तांदूळ यांपैकी एक पूरक देण्यात आले. रोसुव्हास्टॅटिन गटाचे एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरले. सहाही पूरकांपैकी एकाचाही परिणाम निष्क्रिय गोळीहून लक्षणीय सरस ठरला नाही. लसणाच्या गटात तर एलडीएल निष्क्रिय गोळीच्या तुलनेत वाढलेले दिसले.

या चाचणीचा कालावधी अल्प होता आणि इसबगोल तिच्यात नव्हता. वनस्पतिज स्टेरॉलबाबत अन्यत्र मिळालेले निष्कर्ष अधिक चांगले आहेत. तरीही बाजारात मिळणारी बाटली उघडून घेतलेल्या कॅप्सूलचा अनुभव कसा येऊ शकतो, याची कल्पना या चाचणीवरून येते.

लेबल काय सांगते

भारतात अशी उत्पादने दोन वेगळ्या कायद्यांखाली विकली जातात. आयुर्वेदिक औषधांना १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा लागतो. आरोग्यपूरके अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या कक्षेत येतात. त्यांच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर छापणे बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरांतील मजकूर वाचला की उत्पादकाने स्वतःच त्याला औषध म्हटलेले नाही, हे कळते. शिवाय १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा यांच्या उपचाराच्या जाहिरातींना मनाई केली आहे. हृदयविकार मुळापासून बरा करण्याची हमी देणारी जाहिरात दिसली, तर संशयाला तेवढे कारण पुरे.

शुद्धतेचा मुद्दाही गौण नाही. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची अमेरिकी संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा सुमारे २१ टक्के उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. परवाना क्रमांक, घटकांचे नेमके प्रमाण, उत्पादकाचा पत्ता आणि मुदतीची तारीख नसलेली पूड वा गोळी म्हणूनच घेऊ नये.

कोणी काय करावे

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, स्टेंट किंवा बायपास झालेल्यांनी, तसेच मधुमेहींनी डॉक्टरांनी दिलेले स्टॅटिन परस्पर बंद करू नये. स्नायुदुखीचा त्रास होत असल्यास मात्रा कमी करणे, गोळी बदलणे किंवा एझेटिमाइबसारखे दुसऱ्या वर्गातील औषध देणे हे पर्याय डॉक्टरांकडे असतात. एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असल्यास दोष आनुवंशिक असू शकतो. अशा वेळी भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी.

एलडीएल थोडेसेच वाढलेले आणि अन्य जोखीम नसलेल्यांना आहार, चालणे आणि इसबगोल यांवर तीन महिने प्रयत्न करून पाहता येतो. खोबरेल, तूप, वनस्पती तूप आणि बेकरीतील पदार्थ कमी करून कडधान्ये, भाज्या व मासे वाढवल्यास लाभ होतो. नारळ गोमंतकीय जेवणातून हद्दपार करण्याची गरज नाही. दोन्ही वेळच्या दाट वाटपाऐवजी एका वेळी पातळ हुमण केले तरी संपृक्त मेद घटतो. तीन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करावी. आकडा हलला नाही, तर उपाय बदलावा.

कोणतेही पूरक चालू असल्यास त्याची बाटली डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावी. ‘ते काही औषध नव्हे’ असे समजून रुग्ण त्याचा उल्लेख टाळतात आणि औषधांतील परस्परविरोध तसाच राहून जातो. भूक मंदावणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे ही लक्षणे आढळताच पूरक थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी. छातीत दाब किंवा वेदना जाणवली, घाम फुटला, हात वा जबडा दुखू लागला, तर कोणताही काढा उकळत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हृदयविकाराच्या तातडीच्या उपचारासाठी राज्यातील सरकारी आरोग्य केंद्रे बांबोळीच्या गोमेकॉशी जोडलेली आहेत. तेथे जितक्या लवकर पोहोचता येईल तितके हृदयाचे स्नायू वाचतात.